गंगव्वाची पाठ आणि माझी टाकी

साहेब, तुम्ही माझ्या तपासणीच्या कागदावर सही केलीत, पण मला हात लावला नाहीत.

तुम्ही कारखान्यात तपासायला आलात तेव्हा मी कोपऱ्यात धडधडत होतो. मालकाने लांबूनच बोट दाखवले, "तो आमचा कॉम्प्रेसर." तुम्ही लांबूनच मान हलवलीत. माझा रंग चकचकीत होता. तो बघून तुम्ही 'टाकी सुस्थितीत' असे लिहिलेत आणि चहा प्यायला निघून गेलात. टाकी आतून कशी आहे हे रंगाला काय माहीत? तुमचे नाव मी घेत नाही, कारण तुम्ही एकटे नाही. तुमच्या आधीचे तसेच होते, नंतरचेही तसेच. पण गप्प बसणार नाही. मी लोखंडाचा आहे. माझी बदली कुठे करणार तुम्ही?

मित्रांनो, आधी तुम्हाला माझी ओळख करून देतो. मी एक जुना एअर कॉम्प्रेसर आहे. सायकलच्या चाकात हवा भरायला तुम्ही दुकानात जाता, तिथे धडधड करत एक यंत्र चालू असते. तो माझाच भाऊबंद. माझ्या पाठीवर एका बाजूला मोटर असते, दुसऱ्या बाजूला पंप असतो आणि दोघांमध्ये पट्टा फिरतो. ह्या सगळ्यांच्या खाली पिंपासारखी आडवी टाकी असते. पंप बाहेरची हवा ओढतो आणि टाकीत दाबून दाबून कोंबतो. ती कोंबलेली हवा हीच माझी ताकद. तिच्यावर चाके फुगतात, रंगाचे फवारे उडतात, यंत्रे फिरतात.

हवा दाबली की तिच्यातली ओल सुटते. टाकीच्या तळाला पाणी साठते. ते रोज सोडून द्यावे लागते, म्हणून माझ्या पोटाखाली एक तोटी दिलेली आहे. आणि हवा प्रमाणाबाहेर भरली तर टाकी फुटू नये म्हणून वर पितळेचा लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह बसवलेला आहे. तुमच्या घरच्या कुकरला असतो ना, त्याच जातीचा. त्याला एक रिंग असते. रिंग ओढली की फुस्स करून हवा सुटते. सुटली तर समजायचे, व्हॉल्व्ह जिवंत आहे.

खाली तोटी आणि वर रिंग, एवढेच लक्षात ठेवा. बाकीचे मी सांगतो.

बेळगावच्या एका फाउंड्रीत माझी उमेदीची वर्षे गेली. फाउंड्री म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. तिथे वाळू, धूर आणि आग यांच्यात मी दिवसभर हवा पुरवत असे. मला सांभाळणारा रवळू नावाचा माणूस होता. खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून तो रोज यायचा. पहाटे भाताच्या शेताला पाणी लावून यायचा आणि दिवसभर माझ्याजवळ असायचा. संध्याकाळी काम सुटले की बाकीचे हातपाय धुवायला पळत. रवळू आधी माझ्याकडे येई. गुडघ्यावर बसून पोटाखालची तोटी उघडी आणि म्हणे, "हं, सोड बाबा. तुझं झाल्याबिगर माझी बस मिळायची न्हाय." मग वरची रिंग ओढी. फुस्स! तो आवाज ऐकला की रवळू हसायचा. मलाही मोकळे वाटायचे.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. त्या दिवशी कुणी आम्हाला चालवत नाही. आम्हाला धुतात, पुसतात, नवा रंग देतात. हळदीकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात, लिंबू बांधतात, कोहळा फोडतात. वर्षभर शिव्या खाणाऱ्या यंत्राला तो एक दिवस मान मिळतो. पूजेवर माझा मुळीच राग नाही. राग आहे तो रंग देण्याच्या पद्धतीवर. रवळू रंगाचा डबा उघडण्याआधी माझ्या सेफ्टी व्हॉल्व्हला कागद गुंडाळून दोरा बांधायचा. खालच्या तोटीलाही गुंडाळायचा. लोक चेष्टा करत. "काय रं रवळू, लगीन हाय काय त्याचं? मुंडावळ्या बांधायला लागलास?" तो म्हणायचा, "बांधतो बाबा. रंगानं तोंड बंद झालं तर वरडायचं कुटनं त्यानं?"

रवळू निवृत्त झाला. नारळ आणि शाल देऊन त्याला घरी पाठवले. त्याच्या जागी जो आला त्याला दुसरी तीन यंत्रेही बघायची होती. त्याने तोटी उघडायचे सोडले. आणि खंडेनवमी आली की त्याने ब्रश बुडवला आणि मला वरपासून खालपर्यंत सरसकट रंगवून काढले. व्हॉल्व्हवर रंग बसला. रिंगेवर बसला. तोटीवर बसला. माझा दाब किती, माझी टाकी कुठल्या साली घडवली हे सांगणारी पत्र्याची पाटी होती, तिच्यावरही बसला. पुढच्या वर्षी त्यावर दुसरा थर, त्यापुढच्या वर्षी तिसरा. आमच्या ह्या भागात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून माणसे रस्त्यावर येतात, पाट्यांना काळे फासतात. माझी पाटी मात्र कुठल्याच भाषेत वाचता येईनाशी झाली आणि त्यावरून एकही मोर्चा निघाला नाही.

मित्रांनो, बाहेरून मी दरवर्षी नवा दिसू लागलो. आत पाणी साठत होते. पाणी आणि लोखंड एकत्र कोंडले की काय होते ते तुम्हाला माहीत आहे. मी तळातून पापुद्र्यापापुद्र्याने झडत होतो. नेमके ह्याच दिवसांत साहेब येत आणि माझा रंग बघून जात.

पुढे फाउंड्री बंद पडली. मला उचलून बेळगावच्या बाहेर एका मोडीच्या दुकानात टाकले. दुकान नागेंद्र नावाच्या माणसाचे होते. त्याने काय दुरुस्त केले असेल माझे? पुन्हा रंग दिला! ह्या वेळी हिरवा. फवारा मारून अगदी गुळगुळीत. आणि दृष्ट लागू नये म्हणून एक लिंबू बांधले.

तिथे भीमरत्न आला. निपाणीत हायस्कुलात गणित शिकवणारे हे सर. जुन्या स्कूटर विकत घेऊन, खोलून, घासून, रंगवून पुन्हा रस्त्यावर आणायचा त्याला नाद. घराच्या मागे पत्र्याची शेड बांधली होती आणि तिथे स्वतःचे छोटे वर्कशॉप उभारायचे होते. रंग फवारायच्या गनसाठी कॉम्प्रेसर हवा होता. नवा परवडत नव्हता, म्हणून जुना.

"सर, ह्यो फाउंड्रीचा माल हाय," नागेंद्र म्हणाला. "आताचं पत्रं म्हंजे पापड. हे लोखंड बघा, वाजवून बघा."

भीमरत्नने बोटाने टाकी वाजवली. वरच्या बाजूला. वरच्या बाजूला मी ठणठणीतच होतो. ओरडून सांगावेसे वाटले, 'सर, खाली वाका, खाली वाजवा!' पण मला तोंड असले तरी त्यातून फक्त हवा येते.

"चालू करून दाखवा," सर म्हणाले.

नागेंद्रने चालू केले. पट्टा फिरला, काटा चढू लागला. ठरलेल्या दाबाला काटा पोचला की मोटर आपोआप बंद व्हायला हवी. त्यासाठी माझ्या अंगावर एक प्रेशर स्विच आहे. तो स्विच अधूनमधून अडकत असे. नागेंद्रला हे चांगले ठाऊक होते. काटा निम्म्यावर आला तेव्हाच त्याने स्वतःच्या हाताने बटण दाबून मला थांबवले आणि वर म्हणाला, "कशाला उगं करंट जाळायचा? बघितला न्हवं दम?"

भीमरत्न खूश झाला. टेम्पोत चढवताना त्याने माझ्या खाली जुनी गोणपाटे घातली, मला ओरखडा पडू नये म्हणून.

निपाणीच्या घरी माझे स्वागत गंगव्वाने केले. गंगव्वा ही भीमरत्नची आई. आयुष्यभर विड्या वळलेली बाई. गुडघे मोडून, मान खाली घालून सूप मांडीवर घेतले की दिवस मावळेपर्यंत ती उठत नसे. त्यातून पोराला शिकवले. पोरगा सर झाला, पण तिची पाठ कायमची धरली. टेम्पोतून मला उतरवले तसे तिने माझ्याभोवती एक फेरी मारली आणि बांधलेले लिंबू बघितले.

"हे आमच्यात चालत न्हाय बाबा," ती म्हणाली आणि लिंबू तोडून हातात घेतले. दाबून बघितले. "वाळलंय मुडदं. न्हायतर सरबत तरी झालं असतं."

सुनेचे नाव सुविधा. एका दवाखान्यात ती ऑपरेशनची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या विभागात काम करते. ती दारातूनच म्हणाली, "आत्ती, त्यांना आधी विचारा, हे धूड आवाज किती करतंय. शेजारी भांडायला येतील."

"येऊ देत की. मी हाय न्हवं भांडायला," गंगव्वा म्हणाली.

मित्रांनो, भीमरत्नसारखा काळजीवाहू मालक मला रवळूनंतर मिळाला नव्हता. त्याने मला शेडच्या कोपऱ्यात, फरशी पाणसळीने तपासून बसवले. पायांखाली रबराचे ठोकळे घातले, म्हणजे मी हादरणार नाही. पंपातले काळे तेल काढून नवे घातले. पट्टा बोटाने दाबून त्याचा ताण बघितला. पट्ट्यात कुणाचा पदर, कुणाचे बोट अडकू नये म्हणून जाळी ठोकली. माझ्यासाठी वेगळी वायर ओढली, अर्थिंग केले. रंगाची गन लांबवर नेता यावी म्हणून अंगणापर्यंत पोचेल असा लांब पाइप जोडला. जे दिसत होते ते सगळे केले. जे रंगाखाली होते ते दिसले नाही. तोटीच्या जागी त्याला हिरवा गोळा दिसला. वेल्डिंगचा गोळा असेल, असे त्याला वाटले. दुसरे काय वाटणार? त्याला मी मिळालो तोच असा, तोंड शिवलेला.

आणि मग थंडी सुरू झाली आणि तिच्याबरोबर माझी भीती.

झाले असे की मी चालू झालो की माझी टाकी कोमट होते. एके दिवशी गंगव्वा शेडमध्ये आली, सहज टाकीला हात लावला आणि ओरडली, "आगं बया, ह्यो तर शेगडीवानी तापतोय!" तिने तरट आणले, माझ्या शेजारी अंथरले आणि पाठ माझ्या टाकीला टेकून बसली.

"आई, तिथं नको बसू गं," भीमरत्न म्हणाला.

"का? तुझ्या बाचं काय जातंय? पाठ शेकतीया. लई ब्येस वाटतंय."

भीमरत्नने विचार केला. त्याला पट्ट्याची भीती होती. तो म्हणाला, "मग असं कर. पट्ट्याकडं अजिबात जाऊ नको. टाकीच्या ह्या टोकाला बस. हितं काय धोका न्हाय."

हितं काय धोका न्हाय! माझ्या सगळ्या अंगात जिथे सगळ्यात पातळ पत्रा उरला होता, जिथे तळाचा सांधा कुजला होता, बरोबर त्या टोकाला त्याने आपल्या आईला बसवले. वर तिला टेकायला मऊ पडावे म्हणून टाकीवर जुने पांघरूण घडी करून टाकले. ह्यात त्याचा काय दोष? त्याने प्रेम केले. त्याला कुणी काही सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून शाळेतून तो आला, मला चालू केले, की गंगव्वा हजर. माझ्याशी बोलायची. "काय रं, आज लई धापा टाकतोयस? म्हातारा झालास काय माझ्यागत?" शेजारीण चौकशीला आली की तिला सांगायची, "ह्यो माझा जावई हाय. लेक न्हवती म्हणून काय झालं, जावई मिळाला बघ, गरम गरम." त्या दोघी हसायच्या. माझ्या पोटात हवा कोंबली जात असायची, तळाला पाणी हिंदकळायचे आणि त्या पातळ पत्र्याच्या पलीकडे तिच्या पाठीचे मणके मला एकेक करून जाणवायचे. हवा भरत असताना एवढी भीती मला फाउंड्रीच्या आगीतही वाटली नव्हती. काटा चढला की मी घाबरायचो. स्विच खटकन पडला की सुटलो म्हणायचो. परत काटा उतरायचा, परत मोटर सुरू, परत तीच भीती.

मी खुणा केल्या. दुसरे काय करणार? गनमधून रंगाबरोबर तांबडे पाणी थुंकलो. भीमरत्नच्या स्कूटरवर निळ्या रंगात फोड आले, डाग पडले. तो वैतागला. "रंगच डुप्लिकेट दिलाय," म्हणाला आणि रंगवाल्याशी जाऊन भांडून आला. मी परत थुंकलो. त्याने थिनर बदलले.

खरी खूण सापडली ती सुविधाला, आणि तीही कपडे धुताना. माझ्या कुजक्या सांध्यातले पाणी पांघरुणातून झिरपून गंगव्वाच्या लुगड्यावर पाठीच्या जागी तांबूस डाग पडला होता. घासला तरी जाईना. पुढच्या वेळी दुसऱ्या लुगड्यावरही तिथेच डाग.

"आत्ती, तुम्ही कशाला टेकून बसता?"

"कशाला म्हंजे? जावयाला."

"अहो, तुमच्या लुगड्याला गंज लागतोय."

"मला वाटलं पानाची पिचकारी उडाली आसंल," गंगव्वा म्हणाली. "माझा नेम आताशा चुकतोय."

सुविधा हसली नाही. पण तिला तेव्हा दवाखान्यात जायची घाई होती. डाग तिच्या डोक्यात राहिला.

त्याच दिवशी दुपारनंतर ते घडले. भीमरत्न शाळेतून आला, मला चालू केले आणि गनमध्ये रंग ओतू लागला. थिनर संपले होते. "आई, दोन मिनिटांत आलो," म्हणून तो चौकातल्या दुकानात गेला. मला चालूच ठेवून गेला. त्याला वाटले, दाब भरला की मी आपोआप बंद होईन. गंगव्वा तरटावर बसली, पाठ टेकली आणि उबेने तिला डुलकी लागली.

काटा चढला. ठरलेल्या खुणेला आला. स्विच पडला नाही.

मित्रांनो, आता मी जे सांगतो ते तुमच्या घरी, तुमच्या बापाला, काकाला, जो कुणी यंत्र चालवतो त्याला सांगा. स्विच अडकू शकतो. यंत्र आहे, अडकणारच. म्हणून तर वरती सेफ्टी व्हॉल्व्ह असतो! खालचा चुकला तर वरच्याने वाचवायचे. पण माझा वरचा रंगाच्या थरांखाली चिकटून बसला होता. काटा तांबड्या पट्टीत गेला. आतली हवा व्हॉल्व्हच्या स्प्रिंगला वर ढकलू लागली, रंगाची साय ताणली गेली, पण फाटली नाही. मोटर कण्हायला लागली. पट्टा चर्र करू लागला. तळाचा सांधा तडतडला. त्यातून बारीक धार सुटली आणि तरट भिजू लागले. गंगव्वा झोपेत कूस बदलून आणखी घट्ट टेकली.

मी काय करणार होतो? हवा आत येत होती आणि मला तिला बाहेर जाऊ देता येत नव्हते.

तेवढ्यात सुविधा कामावरून आली. गेटमध्येच तिला मोटरचा कण्हणारा आवाज ऐकू आला. चपला न काढता ती शेडपर्यंत पळत आली आणि तिची नजर आधी काट्यावर गेली. दवाखान्यातले वाफेचे यंत्रही दाबावरच चालते, तिला काटा बघायची सवय होती.

"आत्ती! उठा! आत्ती!"

गंगव्वाला तसेच ऐकू कमी येते, त्यात माझा धडधडाट. सुविधाने आधी भिंतीवरचे मुख्य बटण खाली ओढले. मोटर थांबली. हवा मात्र आत तशीच होती, दातओठ खात. ती माझ्या शेजारी आली, गंगव्वाच्या काखेत हात घातले आणि तिला ओढत अंगणात नेले.

"आगं आगं, मारतीस काय? काय झालं गं?"

"बोलू नका. चला. आधी चला."

अंगणात लांब पाइपाच्या टोकाला गन पडलेली होती. सुविधाने गंगव्वाला पाण्याच्या टाकीच्या भिंतीआड बसवले, गन उचलली, तोंड मातीकडे केले आणि घोडा दाबला. हवा सुटली. ती दाबून उभी राहिली. हाताला रग लागली तशी दुसऱ्या हाताने दाबली. तांबडे पाणी, निळा रंग आणि हवा असे सगळे मातीत ओतले गेले. काटा खाली येत येत शून्यावर टेकला तेव्हा सुविधा खाली बसली आणि रडली. गंगव्वाला कळेचना काय झाले. ती सुनेच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "रडू नको गं. तुझ्या नवऱ्यानं काय केलं, सांग मला. आल्यावर बघते त्याला."

भीमरत्न थिनरची बाटली घेऊन आला तेव्हा दोघी तशाच बसल्या होत्या.

"ह्याच्या व्हॉल्व्हची रिंग कुठाय?" सुविधाने विचारले.

"कसली रिंग?"

"आमच्याकडं महिन्याला ओढून बघतात ती! कुठाय ती?"

भीमरत्नने करवतीच्या पात्याने रंग खरवडला. हिरवा निघाला, त्याखाली निळा, त्याखाली राखाडी, त्याखाली परत निळा. मग पितळ दिसले. मग रिंग. त्याने ओढली. हलली नाही. मग तो जमिनीवर आडवा झाला आणि पोटाखालचा तो हिरवा गोळा खरवडला. तोटी होती! पान्याने ती सुटली तसे चहासारखे, पण कुजक्या वासाचे पाणी आले. येतच राहिले. शेवटी गंजाचा गाळ आला. त्याने हातोडीचे टोक सांध्याजवळ टेकवले आणि हलकेच मारले. हातोडी सरळ आत गेली.

भीमरत्नने भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. मग म्हणाला, "आई हितं बसत होती. मी बसवलं तिला."

गंगव्वा भोकाकडे वाकून बघत होती. "बघ की," ती म्हणाली, "जावई आतनं असला निघाला." पण ह्या वेळी तिलाही हसू आले नाही. ती घरात गेली आणि त्या दिवशी पाठ शेकायला तिने काहीच मागितले नाही.

सुट्टीच्या दिवशी भीमरत्न आणि सुविधा टाकी टेम्पोत घालून नागेंद्रच्या दुकानात गेले. पंप आणि मोटर घरी राहिली. आता बोलतो आहे तो मी नुसती टाकी.

नागेंद्रने भोक बघितले. अजिबात दचकला नाही.

"सर, भोक कुनी पाडलं?"

"मी पाडलं. हातोडीचं टोक लावलं आणि आत गेलं."

"मग तुमीच सांगा. मी दिला तवा भोक हुतं का? हातोडी मारल्यावर डोस्कं बी फुटतंय."

"माझ्या सासूचं फुटलं असतं!" सुविधा म्हणाली. "व्हॉल्व्हवर रंग मारून विकताय तुम्ही!"

"मॅडम, रंग मारल्याबिगर कोन घेतंय?" नागेंद्र म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता. अगदी सरळ होता. "गंजका ठेवला तर तुमी बगून सुदा गेला नसता. रंग गिऱ्हाईकाला पायजे, म्हणून मी मारतो. तपासायला मी काय साहेब हाय?"

जिथून मला उचलले होते, तिथे आता दुसरा कॉम्प्रेसर उभा होता. निळ्या रंगाचा, आरशासारखा. त्याच्याजवळ एक माणूस उभा होता. त्याचे नाव भरमू. लोंढ्याजवळ रस्त्याकडेला त्याला पंक्चरचे दुकान टाकायचे होते. तो बोलाचाली ऐकत होता, पण हात त्या निळ्या टाकीवरून फिरवत होता, जनावर घेताना फिरवतात तसा.

"दादा, घेऊ नका," भीमरत्न म्हणाला. "आधी रिंग ओढून बघा."

"सर, आमाला हवा भरायची हाय. रिंग वडून काय करू?" भरमू म्हणाला.

सुविधा पुढे झाली, रिंग चिमटीत धरून ओढली. हलली नाही. तिने नखाने रंगाचा पापुद्रा उचकटला आणि भरमूच्या तळहातावर ठेवला. भरमूने तो बघितला. मग माझ्याकडे, माझ्या भोकाकडे बघितले. मग नागेंद्रकडे.

"शेठ, ह्यो बी आतनं तसाच हाय?"

"मला काय म्हाईत बाबा. मी आत जाऊन बसलोय का?"

"मग ह्यो चांगला हाय का वंगाळ, हे कुटं जाऊन इचारायचं?"

नागेंद्र फडक्याने निळी टाकी पुसू लागला. भीमरत्न सरांकडे बघून भरमूने परत विचारले, "सर, तुमी शिकलेलं मानूस. तुमी सांगा. आमच्यासारख्यानं ह्यो घिऊन जायचा कुटं? कोन बगून सांगतंय? बायकापोरं दुकानातच बसनार माझी."

गावात घेतलेल्या, घरात बसवलेल्या, रस्त्याकडेला ठेवलेल्या जुन्या टाक्या कुठे नेऊन दाखवायच्या हे भीमरत्नलाही ठाऊक नव्हते. सुविधाला नव्हते. नागेंद्रला नव्हते.

मित्रांनो, तुम्हाला माझी एकच विनवणी आहे. जिथे कॉम्प्रेसर दिसेल तिथे खाली वाकून तोटी शोधा, वर बघून रिंग शोधा. सापडली नाही तर मोठ्यांना विचारा. त्यांनी झिडकारले तर परत विचारा. आणि यंत्राला रंग देताना त्याचे तोंड झाकून घ्या. एवढेच तुम्ही करायचे. बाकीचे तुमचे काम नाही.

बाकीचे काम तुमचे आहे, साहेब. मी मोडीत पडलो आहे, मला आता काही नको. भरमू अजून उभा आहे. एक हात निळ्या टाकीवर आहे, दुसऱ्या हातात रंगाचा पापुद्रा आहे. त्याला दुकान उद्या उघडायचे आहे. नागेंद्रने टेम्पोवाल्याला हाक मारली आहे.

कुठे जाऊन विचारायचे, साहेब? त्या जागेचा पत्ता सांगा. आत्ता सांगा.